फ्रीज चालतो, मग बर्फ का होत नाही?



आज या सदरात फ्रीजबद्दल लिहायचे आहे. काही वाचक म्हणतील, समाजापुढे एवढे मोठे प्रश्न असताना हा बर्फाचा विषय कशाला? पण बोरी बुद्रुकमध्ये आम्ही जे पाहिले ते तुमच्याही घरात घडू शकते, आणि त्यात प्रश्न केवळ बर्फाचा नव्हता. म्हणून सविस्तर लिहितो.

बोरी बुद्रुक हे जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठचे गाव. भीमजयंतीला दहा-बारा दिवस राहिले होते. तयारीच्या बैठकीसाठी आम्ही तेथे गेलो होतो. मिरवणूक, वर्गणी, मुलांच्या निबंधस्पर्धा असे एकेक विषय झाले आणि गाडी थंड पाण्याच्या सोयीवर आली. मागच्या वर्षी बाहेरून बर्फाची लादी आणली होती. गोणपाटात गुंडाळलेली, भुसा चिकटलेली. ती फोडून पाण्यात टाकली आणि दोन दिवसांनी चार-पाच मुलांची पोटे बिघडली. तेव्हाच महिला मंडळातील एक ताई म्हणाल्या होत्या, "पुढच्या साली बर्फ माझ्या घरचा. मी फ्रीज घेणार आहे." या बैठकीत मात्र त्या मान खाली घालून बसल्या होत्या. बर्फाचा विषय निघाला तसे त्यांच्या सासूबाईच बोलल्या, "भाऊ, फ्रीज आलाय, पण बर्फ काय व्हत न्हाई."

बैठक संपल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. ताईंनी पुण्यात एका घरी नऊ वर्षे स्वयंपाकाचे काम केले. आता त्या गावी राहून शिवणकाम करतात. ते पुण्याचे कुटुंब घर रिकामे करत होते, तेव्हा त्यांचा मोठा फ्रीज ताईंनी सात हजार रुपये मोजून घेतला. फुकट नाही, मोजून! कपाटासारखी शेजारी शेजारी दोन दारे आणि आत आपोआप बर्फाच्या वड्या पाडणारा आईस मेकर. टेम्पो करून तो बोरीत आणला. त्या दिवशी अर्धी वस्ती बघायला आली होती.

फ्रीज सुरू झाला, दूध-भाजी थंड राहू लागली, पण बर्फाच्या पेटीत वड्या काही पडेनात. एका मिस्त्रीला बोलावले. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि सांगितले, "आईस मेकर गेला. नवा टाकायचा, साडेसहा हजार." ताई बचत गटातून कर्ज उचलायच्या बेतात होत्या. शेजारची एक बाई म्हणाली, "दुसऱ्याच्या घरची वस्तू आपल्याला लाभत नसती." आणि तिनेच फ्रीजच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधून दिली. वर भिंतीवर बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर, आणि खाली लिंबू-मिरची!

आम्ही रागावून काही बोलणार होतो. पण ताईंचे पुढचे बोलणे ऐकून गप्प झालो. त्या म्हणाल्या, "दादा, याच फ्रीजमधला बर्फ मी नऊ वर्षं त्यांच्या पाहुण्यांना काढून दिला. एक दिवस बंद पडला नाही. माझ्या घरात आला आणि बसला. आपल्याच घरात काहीतरी..." पुढे त्यांना बोलवेना.

वाचकहो, हे अर्धवट राहिलेले वाक्य आपल्याला अनोळखी नाही. वस्तू बिघडली तर वस्तूचा दोष शोधायचा असतो. पण आपल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले की दोष तुझ्या जन्मात, तुझ्या घरात, तुझ्या नशिबात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या, ते हे ओझे उतरवण्यासाठीच. ते पुरते उतरलेले नाही, हे फ्रीजच्या दांड्यावर लटकताना दिसत होते.

आम्ही मेकॅनिक नाही. आमची नोकरी कारकुनाची, कागदांची. पण एक गोष्ट आम्हांला ठाऊक आहे. हिशेब जुळला नाही तर कोणी वही फाडून टाकत नाही. पहिल्या पानापासून बेरीज तपासतो. ताईंना म्हटले, आधी बेरीज तपासू, मग साडेसहा हजारांचे बघू.

आधी हे यंत्र कसे चालते ते समजून घ्या. आईस मेकरमध्ये वड्यांचा एक साचा असतो. फ्रीजच्या मागे, खालच्या बाजूस विजेवर उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो काही सेकंदच उघडतो. नेहमीच्या बऱ्याच आईस मेकरमध्ये हा काळ सात सेकंदांच्या आसपास असतो. तेवढ्यात साधारण शंभर ते दीडशे मिलीलिटर पाणी साच्यात पडले पाहिजे. पाणी गोठून साचा पुरेसा थंड झाला की यंत्र वड्या सोडवून खालच्या पेटीत टाकते आणि पुन्हा पाणी घेते. पेटी भरली की वड्यांवर टेकणारी एक तार किंवा दांडी वर राहते आणि काम थांबते. म्हणजे बर्फ होण्यास तीन गोष्टी लागतात : पुरेशी थंडी, यंत्राची हालचाल आणि पाणी. यांपैकी नेमके काय कमी आहे, एवढेच शोधायचे होते.

पहिली तपासणी थंडीची. ताईंना सांगितले, स्टीलच्या वाटीत पाणी घालून ती रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी वाटीत दगडासारखा बर्फ! म्हणजे कॉम्प्रेसर ठीक, गॅस ठीक. ही परीक्षा फुकट आहे. "गॅस संपला" असे कोणी म्हणाला तर पैसे काढण्याआधी वाटी ठेवून बघा.

दुसरी तपासणी दांडीची. बऱ्याच घरांत सामान काढता-घालता दांडी वर ढकलली जाते आणि यंत्राला वाटते पेटी भरली. येथे दांडी खालीच होती.

तिसरी तपासणी यंत्राच्या हालचालीची. पेटी बाहेर काढून उजेडात धरली, तर तळाशी पापडासारखे पातळ, नखाएवढे बर्फाचे तुकडे दिसले. ताई म्हणाल्या, "असला चुरा रोजच पडतो. मी फेकून देते." हाच खरा पुरावा होता! मेलेले यंत्र चुराही पाडत नाही. साचा फिरत होता, वड्या सोडवत होता. त्याला प्यायला पाणीच पुरेसे मिळत नव्हते.

चौथी तपासणी पाण्याच्या वाटेची. फ्रीजची पिन काढली, पाण्याचा नळ बंद केला. साच्यात पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी थोडा बर्फ जमला होता. कोमट पाण्यात पिळलेले फडके लावून तो विरघळवला. येथे चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हर कधीही चालवू नये. हल्लीच्या अनेक फ्रीजमध्ये आर ६००ए हा वायू असतो. तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा. नळीला भोक पडले तर फ्रीजही जातो आणि धोकाही होतो. मग पाण्याचा फिल्टर पाहिला. तो पुण्याचाच, जुना. असे फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचे असतात, आणि बोअरच्या जड पाण्याने तर ते लवकर चोंदतात. पण फिल्टर बाजूला ठेवला तरी धार बारीकच होती.

म्हणून पाचवी तपासणी बाटलीची. व्हॉल्व्हला येणारी पाव इंची नळी सोडवली, एक लिटरच्या बाटलीत धरली आणि घड्याळ लावले. बाटली भरायला अडीच मिनिटे लागली. हिशेब सोपा आहे. दीडशे सेकंदांत हजार मिलीलिटर, तर सात सेकंदांत जेमतेम ४७. पाहिजे होते शंभराच्या वर. पुन्हा व्हॉल्व्हमधून जाताना धार आणखी बारीक होणार. साच्यात पापड पडत होते ते यामुळे.

आता धार बारीक का? टाकी ताईंच्या घराच्या स्लॅबवर आहे. फ्रीजच्या व्हॉल्व्हपासून पाण्याची उंची मोजली तर चार मीटर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो होतो. म्हणजे येथे मिळत होता ०.४ किलो. अशा आईस मेकरच्या व्हॉल्व्हला बहुधा किमान १.४ किलो दाब लागतो, म्हणजे सुमारे चौदा मीटर उंची! पुण्यातले ते घर अकरा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होते. टाकी गच्चीवर, आठ मजले वर. मजल्याला तीन मीटर धरले तरी चोवीस मीटर, म्हणजे २.४ किलो दाब. तेथे बर्फ होणारच! शिवाय हा व्हॉल्व्ह बंद होतानाही पाण्याच्या दाबानेच घट्ट बसतो. दाब कमी असला की तो थेंब थेंब गळतो आणि तेच थेंब नळीच्या तोंडाशी गोठतात. आम्ही फडक्याने काढलेला बर्फ तो हाच.

हे सर्व वहीच्या पानावर चित्र काढून ताईंना दाखवले. इमारत, गच्ची, टाकी, आणि शेजारी त्यांचे घर. ताई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे फ्रीज चांगला आहे. घरही चांगलं आहे. पाणीच पोचत नव्हतं." आम्ही म्हणालो, "एवढेच." त्यांनी उठून दांड्याची लिंबू-मिरची सोडली. कोणी सांगितले नव्हते.

सासूबाई दारात बसून ऐकत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "आमच्या लहानपणी वरून ओंजळीत पाणी वतायचे म्हणून राग यायचा. आता वरून येत न्हाई म्हणून बर्फ व्हत न्हाई व्हय!" सगळे हसलो. पण ज्या पिढीने ते पाणी ओंजळीत घेतले तिचे हे हसणे होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि त्या तळ्याच्या हक्काचा दावा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. आज पाणी आपल्या घराच्या स्लॅबवर आले आहे. आता ते मशीनपर्यंत कसे पोचवायचे, हे आपणच शिकायचे आहे.

आमच्या बोरीकरांना कारणे शोधण्याचा आदर्श लांब शोधायला नको. कुकडीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची असल्याचे अभ्यासक सांगतात. तिचे वय काहींनी सुमारे ७५ हजार वर्षे ठरवले, तर काहींनी कित्येक लाख वर्षे. वाद झाला, पण कोणी "आम्ही मोठे पंडित, आमचे ऐका" म्हणून तो सुटत नाही. पुन्हा राख तपासली जाते, पुन्हा मोजली जाते. भगवान बुद्धांनीही कालामांना हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा गुरू आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा. आम्ही म्हणतो, सांगणारा मिस्त्री आहे म्हणूनही मानू नका! त्याचा अपमान करू नये, चांगला कारागीर ही गावाची दौलत असते. पण "कशावरून?" एवढे विचारावे. चांगला कारागीर कारण दाखवतो. जो दाखवत नाही, त्याला साडेसहा हजार द्यायचे नाहीत.

मग पुढे काय केले? जयंती जवळ होती. आईस मेकरची दांडी वर करून, पाण्याचा नळ बंद करून यंत्राला सुट्टी दिली. फ्रीझरमध्ये ट्रे आणि स्टीलचे चपटे डबे मांडले. उकळून गार केलेले पाणी. सकाळ-संध्याकाळ जमेल तसा बर्फ काढायचा, स्वच्छ पिशव्यांत भरून फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. खर्च शून्य. १४ एप्रिलला विहारापुढच्या मांडवात ताईंच्या घरचा बर्फ होता आणि सरबत वाटायला त्या स्वतः उभ्या होत्या.

जयंतीनंतर त्यांनी शिवणाच्या पैशातून दाब वाढवणारा लहान पंप प्लंबरकडून बसवून घेतला. नळ उघडला की आपोआप सुरू होणारा आणि दाब भरला की बंद होणारा. नवीन फिल्टरही घातला. सगळे मिळून ३,२०० रुपये लागले. कर्ज नाही. दुसऱ्या दिवशी पेटीत अंगठ्याएवढ्या भरीव वड्या! साडेसहा हजारांचा नवा आईस मेकर घातला असता तर त्यानेही पापडच पाडले असते.

येथे एक सूचना. पंप लावायचा तो आपल्या टाकीच्या पुढे. गावच्या नळयोजनेच्या पाइपला सरळ मोटर लावू नये. त्याने शेजाऱ्याचे पाणी ओढले जाते आणि पाइपात फट असेल तर बाहेरची घाणही आत येते. आपल्या बर्फासाठी दुसऱ्याची घागर रिकामी राहिली, तर शील कुठे राहिले?

आपल्यापैकी बहुतेकांकडे एका दाराचा साधा फ्रीज असतो. त्यात बर्फ होत नसेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी हे बघा.

१. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर रबर सैल आहे, गारवा बाहेर जातो. रबर साबणाच्या पाण्याने पुसा. फाटले असेल तर बदला.

२. फ्रीझरवर बोटभर बर्फाचा थर चढला असेल तर तो रजईसारखे काम करतो आणि थंडी ट्रेपर्यंत पोचू देत नाही. फ्रीज बंद करून थर वितळू द्या. खरवडू नका.

३. फ्रीज भिंतीला चिकटवू नका. मागे वीतभर जागा असावी, कारण आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. चुलीजवळ, उन्हात ठेवू नका.

४. थंडीचे बटण उन्हाळ्यात थोडे वाढवा. गरम भांडी आत ठेवू नका.

५. शेतीपंप सुरू झाले की विजेचा दाब उतरतो का, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. २३० च्या जागी फारच कमी येत असेल तर स्टॅबिलायझर हवा. पिन तीन खिळ्यांची आणि अर्थिंग पक्के असावे. जीव बर्फापेक्षा मोलाचा आहे.

आणि वाटीची परीक्षा विसरू नका. वाटी गोठली नाही आणि वरची पाचही कारणे नसतील, तरच मिस्त्री. तोपर्यंत निम्म्या घरांचे काम झालेले असेल.

बर्फाच्या स्वच्छतेबद्दलही एक शब्द. गोठल्याने सगळे जंतू मरतात, हा समज चुकीचा आहे. घाण पाण्याचा बर्फ घाणच असतो. माल गार ठेवण्यासाठी कारखान्यात होणारा बर्फ पिण्यासाठी नसतो. म्हणूनच महाराष्ट्रात २०१८ पासून अशा न खाण्याच्या बर्फात निळसर रंग घालण्याचा नियम झाला. कार्यक्रमासाठी बर्फ आणताना हे पाहा. लेकरांना बर्फ द्यायचा तर पिण्याच्या पाण्याचाच.

जुन्नरच्या भोवती मानमोडी, लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी येथील बौद्ध लेण्यांत कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत सामान्य माणसांनी अशा टाक्यांसाठी, 'पोढी'साठी, दिलेल्या दानाची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या याच मुलुखातल्या उपासक-उपासिकांनी वाटसरूच्या ओंजळीत थंड पाणी पडावे म्हणून कातळ फोडला. बोरीच्या ताईंनी जयंतीला वाटलेले सरबत त्याच दानाच्या वाटेवरचे आहे. त्यांच्यापुढेही कातळ होता. तो "आपल्याला लाभत नाही" या समजुतीचा होता. तो एका बाटलीने आणि घड्याळाने फुटला.

तुमच्या घरात काही अडले तर आधी विचारा : कशामुळे? उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि आपल्या लेकरांसमोर विचारा, म्हणजे तीही विचारायला शिकतील.

जयभीम! भवतु सब्ब मंगलं.